तपकिरी ठिपका

मामाचं शीडघर, धक्क्यावर
११ फेब्रुवारी

ताई,

पत्ता वाचून दचकू नकोस, मी मामाकडे आहे. मिठाच्या ट्रकवरची नोकरी संपली. ती कशी संपली त्यात एक बकरी आहे, आणि बकरीचं सुरू केलं की कागद पुरणार नाही, म्हणून ते राहू दे. मामी म्हणाली, "आलास? पायाची भिंगरी दाराबाहेर काढून ठेव आणि जेवायला बस." खाली शीडघरात, मामा शिवायला बसतो तिथेच, घडी घातलेल्या ताडपत्र्यांच्या ढिगावर मी झोपतो. अंगाला मेणाचा वास लागलाय. या गावात बरा म्हणावा असा तेवढाच वास उरलाय.

कारण गाव धुवायला काढलंय, ताई. धक्क्यामागच्या सगळ्या गल्ल्यांना एकच रंग फासताहेत. डब्यावर रंगाचं नाव आहे 'जुना पिवळा'. नवाकोरा जुना पिवळा! ज्या भिंतींवर खार, काजळी, डांबराचे हात, पोरांनी कोळशाने काढलेल्या बोटी असं सगळं होतं, त्या आता काविळीच्या डोळ्यांसारख्या दिसतात. बोटी बांधायच्या लोखंडी खुंटांना चकचकीत काळं फासून भोवती साखळ्या घातल्यात. मी एका रंगाऱ्याला विचारलं, मग बोटीचा दोर बांधायचा कशाला? तो म्हणाला, "बोटी येणार नाहीत ना आता." पाहुणे रद्द झाले म्हणून चहा टाकला नाही, इतक्या सहज.

तर मुद्दा. जुन्या जकात कचेरीत भिंतभर नकाशा लावलाय. विकास आराखडा, मध्यवर्ती भाग. मी मामाला घेऊन बघायला गेलो. नकाशाखाली एक मांजर झोपलं होतं, इतकं लठ्ठ की आधी मला वाटलं ती कुणाची टोपी आहे. असो. धक्का आणि त्यामागच्या गल्ल्या सगळ्या गुलाबी आहेत. हिरड्यांसारख्या गुलाबी. गुलाबी म्हणजे वारसा क्षेत्र. त्यात दुकानं, हॉटेलं, संग्रहालयं चालतील. काही बनवायचं किंवा दुरुस्त करायचं चालणार नाही. बनवणाऱ्यांनी डोंगरामागच्या जांभळ्या भागात जायचं. मामा बोटाने आपलं घर शोधत होता. सापडलं. तिथे चौकोन काढून आत लिहिलंय, 'वाहनतळ'.

मामा म्हणाला, "इथे तर मी झोपतो."

ताई, तू असल्याच नकाशांच्या कचेरीत बसतेस. घरात शिकलेली अशी तू एकटीच. मामा स्वतः तुला विचारणार नाही, त्याची मिशी आड येते. म्हणून मी विचारतोय. पाण्यापासून लांब नेलं तर मामा काही मरणार नाही, पण त्याचं काम संपेल. काय करायचं ते कळव.

तुझा भिंगरी

—

कचेरीतून
२४ फेब्रुवारी

भिंगरी,

ट्रक का सुटला ते नीट कळव. बकरीच्या आड लपू नकोस.

तो आराखडा आमच्याच कचेरीतून गेलाय. मी दुसऱ्या टेबलावर असते, त्यामुळे मला फारसं ठाऊक नाही. पण रीत सांगते. अजून तो मंजूर नाही. मुदतीत लेखी हरकत द्या. तिच्यात रडगाणं नको, शिव्या नकोत, 'आमच्या बापजाद्यांपासून' तर अजिबात नको. सगळेच तसं लिहितात आणि ते वाचायचं सोडून देतात. पाणी जवळ का लागतं एवढंच लिहा. मग सुनावणीला बोलावतील. मामाला सांग, शांतपणे बोल आणि बसायला सांगेपर्यंत उभा राहा.

आणि एक, चिडू नकोस. लहानपणी त्या गल्ल्यांतून आपण नाक धरून चालायचो. छपरं डोक्यावर यायला आलेली, गटारात माशांची आतडी, आणि पडलेल्या घरातून तुझ्या वर्गातलीच एक मुलगी बाहेर काढली होती, आठवते? कुणीतरी हात लावायलाच हवा होता. रंगाचं नाव हास्यास्पद आहे, मान्य. पण नकाशा काढणारा प्रत्येक माणूस दरोडेखोर नसतो.

मामीला सांग, गुडघ्याला तेल लावत जा.

ताई

—

शीडघर
१९ मार्च

ताई,

सुनावणी झाली. तुझं सगळं पाठ करून घेतलं होतं मामाकडून, आणि सगळं पाण्यात गेलं.

जकात कचेरीचा मोठा हॉल. ओळीत आम्ही सगळे. शेजारचा दोरवाला, नांगर ठोकणारे दोघे भाऊ, भोंगाबाई. भोंगाबाई तुला माहीत नसेल. तिच्या दोन बोटी आहेत आणि आवाज असा की धुक्यात तिने हाक मारली की भोंगा वाजवावा लागत नाही. समोर मधल्या खुर्चीत एक साहेब, इतका कडक इस्त्रीचा की बसताना मोडेल असं वाटलं. मी त्याचं नाव इस्त्रीसाहेब ठेवलं, आता सगळं बंदर त्याला तेच म्हणतं.

मामाची पाळी आली. साहेब म्हणाला, "बोला काका, हरकत काय?"

"पाण्यापासून लांब जाता येत नाही."

"का बरं?"

"बोट डोंगरामागे येत नाही."

हॉल हसला. इथे मामाने थांबायला हवं होतं. पण हसू ऐकून त्याला चेव आला. मिशीवर हात गेला. साहेबाने विचारलं, "तुमच्याकडे शिडं शिवतात ना?" तर मामा ऐटीत म्हणतो, "शिडं कोण घेतो आता? सगळ्यांना इंजिनं आहेत. आम्ही ताडपत्र्या करतो. बोटीच्या पोटावरची झाकणं, माल उचलायच्या झोळ्या. या किनाऱ्यावर माझ्यासारखं झाकण कुणी शिवत नाही."

साहेबाचा चेहरा पडला. खराच पडला, म्हणजे त्याला वाईट वाटलं. म्हणाला, "पण काका, ताडपत्री हा काही वारसा नाही."

"मग वारसा काय, तुझी इस्त्री?"

मामीने सदरा ओढून खाली बसवलं. दोरवाल्याने कपाळाला हात लावला.

बाहेर पडलो तर समोरची गल्ली बघायला उघडली होती. नमुना म्हणून. गल्लीत पाऊल टाकलं आणि डांबराचा वास आला. मी खूश. म्हटलं, कुणीतरी अजून बोट डांबरतंय! शोधत गेलो तर भिंतीत एक छोटी डबी बसवलेली, ती दर थोड्या वेळाने 'फुस्स' करते. खऱ्या डांबराची भट्टी वासामुळे बंद केली, ताई, आणि तिथे डांबराचं अत्तर लावलं. मला मळमळलं. मिठाच्या ट्रकवर मेलेली डुकरं वाहिली आहेत मी एकदा, तेव्हा नाही मळमळलं.

काही होण्यासारखं आहे का? मामा काल दाभण हातात धरून नुसता बसला होता.

भिंगरी

—

२ एप्रिल

भिंगरी,

इस्त्रीचं बोलणं इथपर्यंत पोचलं. हसू आलं, पण ते तुला सांगणार नव्हते.

मामाला सांग, घर जाणार नाही. कसं ते विचारू नकोस आणि गावभर सांगत सुटू नकोस. एवढंच.

ताई

—

शीडघर
३० जून

ताई,

तू म्हणाली होतीस तसंच झालं. घर वाचलं. आधी आनंदाचं लिहितो, कारण तो अर्धा दिवस टिकला.

मंजूर नकाशा लागला. मामी पहिल्यांदाच जिना उतरून बघायला आली. वाहनतळ सरकून दोरवाल्याच्या घरावर गेलाय आणि आमच्या घरावर एक तपकिरी ठिपका आहे. सगळ्या गुलाबीत तो एकच. मामाने तिथल्या तिथे मला मिठी मारली. मामी म्हणाली, "तीळ आलाय आपल्या घराला. शुभ असतो." दोरवाला आमच्या शेजारी उभा होता. त्याने ठिपका बघितला, मामाकडे बघितलं आणि म्हणाला, "कुणाचे पाय धरलेस?" ही दोघं माणसं एकाच होडीवरून उड्या मारत पोहायला शिकली आहेत, ताई. परवा दोरवाला सामान भरून गेला, निरोपही न घेता.

मग ठिपक्याचे नियम आले. साहेबाचा माणूस दारावर चिकटवून गेला. मी शब्दन् शब्द उतरवतोय. 'या ठिकाणी शिडे शिवण्याचे प्रात्यक्षिक दाखवता येईल. तयार वस्तू जागेबाहेर जाणार नाही. दिवसाचे काम संपताना मूळ स्थितीत आणावे.'

मामाने विचारलं, "मूळ स्थितीत म्हणजे?" मी इस्त्रीसाहेबाला गाठलं. तो भला माणूस आहे, त्याचाच जास्त राग येतो. म्हणाला, "म्हणजे शिवलेलं संध्याकाळी उसवायचं. वस्तू पुरी झाली तर ते उत्पादन होतं, आणि उत्पादन इथे चालत नाही. उसवलं की प्रात्यक्षिक."

समजलं का तुला? धक्क्याकडचं मोठं दार काढून काच बसवली. मामाला पट्ट्यापट्ट्यांचा सदरा दिला आणि गोल टोपी. असली टोपी या बंदरात कुणी कधी घातली नाही. त्याने दिवसभर काचेमागे शीड शिवायचं, लोकांनी बघायचं, आणि संध्याकाळी उसवायचं. झाकणं, ताडपत्र्या बंद. वीट आलाय मला, ताई, सगळ्याचा वीट. उलटी यावी अशी शिसारी. मला त्या कचेरीतला तो माणूस एकदा दाखव, ज्याने हा ठिपका दिला. कुठल्या तरी पंख्याखाली चहा पीत दिला असेल. त्याला आयुष्यात कधी बटण तरी लावता आलं असेल का? त्यापेक्षा वाहनतळ बरा होता. वाहनतळ निदान खोटं बोलत नाही. तो माणूस तुझ्या ओळखीचा असला तर त्याला माझ्या वतीने काय सांगायचं ते तूच ठरव. मला सुचतंय ते लिहिण्यासारखं नाही.

भिंगरी

—

१२ जुलै

भिंगरी,

बटण मला लावता येतं. तुझ्या शाळेच्या सदऱ्याची मीच लावत होते.

ठिपका मी दिला. टेबल दुसरं नव्हतं. मध्यवर्ती भागाचा पूर्ण कागद माझ्याच हाताचा आहे, गुलाबी रंगासकट. वाहनतळ वरून आला होता, तो मी काढला नव्हता. पण पुसायचा तर कारण लागतं. ताडपत्रीचं कारण चाललं नाही. मामाने भर सभेत 'शिडं कोण घेतो' म्हणून सांगितल्यावर तर काहीच चाललं नसतं. म्हणून मी वारशाचं प्रात्यक्षिक म्हणून टाकलं. नियमांत तेवढी एकच फट होती. उसवायचं कलम माझं नाही, ते नंतर कुणी घातलं. दोरवाल्यावर वाहनतळ जाईल हेही मला ठाऊक नव्हतं. तो कुणाच्या तरी घरावर जाणार हे ठाऊक होतं.

तू लिहिलेलं सगळं मी दोनदा वाचलं. पंखाही आहे, चहाही होता. पण तूच सांग, नाहीतर आज मामी कुठे राहिली असती? मी घर वाचवलं. दिवसा लोकांना दाखवायला शीड धरू दे आणि मागच्या खोलीत झाकणं शिवू दे. असली कलमं कागदावर असतात, बघायला कोण येतं?

मामाला हे तू सांगू नकोस. मीच सांगेन.

ताई

—

शीडघर
९ ऑगस्ट

ताई,

बघायला येतात.

मामाला मी लगेच सांगितलं नाही. पण आधी काय झालं ते ऐक.

पंधरा दिवसांपूर्वी भोंगाबाई आली. तिच्या मोठ्या बोटीच्या पोटावरचं लाल किनारीचं झाकण उभं फाटलं होतं, हवा बिघडत होती आणि दुसऱ्या सकाळी तिला निघायचं होतं. मागच्या खोलीत ते मावेना. बोटीच्या रुंदीचं ते, घडी घालून शिवता येत नाही. मामाने मोठ्या खोलीत पसरलं, काचेसमोरच, आणि टोपी काढून फेकली. मी कापड ओढून धरत होतो. ताई, त्याला तसं शिवताना मी किती तरी दिवसांनी बघितलं. गुडघ्याने पुढे सरकतो, दाभण तळहाताला बांधलेल्या चामड्याने रेटतो आणि तोंडाने कापडाला शिव्या देतो, लाडाने. काचेबाहेर गर्दी जमली. त्यांना वाटलं, शीड आहे. कुणी म्हणालं, "किती खरं वाटतं!"

शिवण संपायला आली आणि इस्त्रीसाहेब आला. बाहेर उभा राहून त्याने बघितलं, मग आत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, हे बाहेर नाही ना जायचं?"

भोंगाबाई कडाडली, "माझं झाकण आहे! माझ्या बोटीवर जायचंय!"

"मग हे उत्पादन झालं."

"मग काय ते डोक्यावर घेऊन बसू?"

साहेबाने तिच्याशी वाद घातलाच नाही. मामाला म्हणाला, "परवानगी रद्द झाली तर ठिपका जाईल. ठिपका गेला तर घर जाईल. मला ते नकोय हो." आणि ताई, त्याला खरंच नको होतं. त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. थुंकावंसं वाटलं मला त्या चांगुलपणावर.

मला वाटलं मामा आता त्याला काचेतून बाहेर फेकणार. मी बाह्या सरसावल्या. मामाने वर बघितलं, जिन्यावर मामी उभी होती. तो परत खाली बसला आणि उसवायला लागला. फाडलं नाही. एकेक टाका उचलून, दोरा न तोडता, कापडाला भोक मोठं पडू न देता, जितक्या निगुतीने शिवलं होतं तितक्याच निगुतीने. बाहेरचे लोक टाळ्या वाजवत होते. एका बाईने पोराला खांद्यावर घेतलं, त्याला नीट दिसावं म्हणून.

भोंगाबाई फाटकंच झाकण घेऊन गेली. बोट परत आली, पण पोटात पाणी शिरून सगळा माल सडला होता. धक्क्यावर तो ओतला तेव्हा गावभर खरा वास सुटला. डबीवाल्या गल्लीतले पाहुणे नाक धरून पळाले. मामा काचेतून बघत होता. भोंगाबाई समोरून गेली, आवाज न करता. तिला मी पहिल्यांदा गप्प बघितलं.

तेव्हा मी मामाला सांगितलं, ठिपका कुणाचा ते. राग आला तर ये. तो फक्त म्हणाला, "पोरीने घर वाचवलं. आम्ही इथे राहतो असं वाटलं तिला." मग जिन्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आम्ही तर वर राहतो. इथे आम्ही काम करतो."

भिंगरी

—

२८ ऑगस्ट

भिंगरी,

राग आला नाही. मामाचं वाक्य मी कचेरीत घेऊन गेले. म्हणजे, आमच्या साहेबांना सांगितलं की कलम बदलायला हवं, फेरबदलाचा प्रस्ताव मी तयार करते. त्यांनी ऐकून घेतलं. मग कपाटातून माहितीपत्रक काढून पुढे ठेवलं. वरच मामाचा फोटो आहे, खाली वाकलेला, दाभण हातात. झाकणाची लाल किनार दिसते. कुणीतरी त्याच दिवशी काढला. मी विचारलं, "यात हे गृहस्थ उसवताहेत, माहीत आहे का?" साहेब म्हणाले, "कुणाला कळतंय?"

त्यांना ठिपका फार आवडलाय. पुढच्या बंदराचा कागद माझ्या टेबलावर आलाय आणि सूचना आहे की तिथेही प्रत्येक गल्लीत एकेक ठिपका द्यावा. लोहार, दोरवाला, होड्या बांधणारा. होड्या बांधणाऱ्याने रोज होडी मोडायची का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "बघा काय बसतंय."

मी तो कागद परत केला नाही. केला असता तर तो शेजारच्या टेबलावर गेला असता, आणि त्याला समुद्र कुठल्या बाजूला आहे हेही माहीत नाही. मी तो कोरा ठेवलाय. रोज समोर घेऊन बसते. किती दिवस चालेल ठाऊक नाही.

पत्रकाची एक प्रत पाठवणार होते. मग लाज वाटली.

ताई

—

काचेमागून
१४ ऑक्टोबर

ताई,

हसायचं नाही. सदरा आणि टोपी आता माझ्या अंगावर आहेत.

मामाने काचेमागे बसायला साफ नकार दिला. खाडीपलीकडे चिखलात एक पत्र्याची शेड मिळाली. तिथे नकाशा पोचलेला नाही. भरतीला होडी लागते, ओहोटीला गुडघाभर चिखल. मामा पहाटे होडीने जातो, अंधार पडता येतो. भोंगाबाई पुन्हा त्याच्याकडे येते. पहिल्या दिवशी आली ती इतकी ओरडली की मला इथपर्यंत ऐकू आलं. दोरवालाही तिथेच आहे, दोन शेड सोडून. अजून दोघं बोलत नाहीत, पण दोरवाला दोर देतो आणि मामा घेतो.

पण ठिपक्यात कुणीतरी शिवत बसलं पाहिजे, नाहीतर घर जातं. मामीचे गुडघे आहेत, ती चिखलात राहू शकत नाही. म्हणून मी. इस्त्रीसाहेबाला भीत भीत विचारलं, मला शिवता येत नाही, चालेल का? तो म्हणाला, "संध्याकाळी उसवायचंच आहे." माझी कुठलीच नोकरी इतकी टिकली नव्हती. पायाची भिंगरी थांबली, ती इथे, पाठीमागे रंगवलेला समुद्र आणि पुढे काच. माझ्या टाक्यांना कुत्रं वास घेऊन निघून जाईल. लोक फोटो काढतात. एका म्हाताऱ्याने पोराला सांगितलं, "बघ, हात कसा चालतो! पिढ्यान्‌पिढ्यांचं असतं ते." मी मान डोलावली. किळस कुणाची आली सांगू? त्याची नाही.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो राहू दे, त्याच्यावर मी पत्र लिहितो. पण तो कोरा कागद कोराच ठेव. जितके दिवस ठेवशील तितके दिवस तिथे कुणीतरी काहीतरी बनवत असेल. आणि सवड काढून ये. मामा विचारत नाही. पण खाडीकडे जायला दुसरी वल्ही करून ठेवली आहेत त्याने, आणि मी तर इथून हलू शकत नाही.

काल मामा लवकर आला. दारात उभा राहून चिखलाचे पाय पुसत होता. मी उसवायला दाभण घेतलं तर म्हणाला, "सरक." पट्ट्यांच्या सदऱ्यातल्या मला बाजूला केलं, चष्मा लावला आणि माझी शिवण दिव्याजवळ नेऊन नीट, टोकापासून टोकापर्यंत बघितली. मग एका हिसक्यात आख्खा दोरा ओढून काढला.

"हे तरी," तो म्हणाला, "उसवायच्या लायकीचं आहे."

भिंगरी